परक्या गाण्याचा पक्षपात

युरोपातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने १९५६ साली सुरू केलेल्या, आणि २०२० सालचा महामारीचा अपवाद वगळला तर तेव्हापासून एकही वर्ष न चुकलेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेविषयी मराठीत एक विस्तृत ग्रंथ लिहिला जावा, आणि तोही पुण्यामुंबईच्या एखाद्या पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकाकडून नव्हे, तर अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नांदगाव खंडेश्वर या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात घालवलेल्या एका गृहस्थाकडून, ही गोष्ट काहींना विक्षिप्तपणाची वाटेल. प्रस्तुत प्रस्तावना मुख्यतः त्यांच्याकरिता आहे. ज्यांना तसे वाटत नाही त्यांनी ती खुशाल ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे जावे. प्रस्तावना वाचलीच पाहिजे असा कोणाचा हुकूम नाही.

ग्रंथकर्त्यांना गावात सारे भाऊसाहेब म्हणतात. तलाठ्याला तसे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे आणि नोकरी संपली तरी ते संबोधन संपत नाही, म्हणून मीही येथे तसेच म्हणेन. या स्पर्धेशी त्यांची गाठ पडली ती २०१७ साली, आणि ती पडली एका अगदी साध्या गाण्यामुळे. त्या वर्षी कीव्ह शहरी भरलेल्या स्पर्धेत पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्राल या तरुणाने, त्याच्या बहिणीने, लुईझाने, रचलेले एक गीत म्हटले. रंगीत धूर नाही, ज्वाळा नाहीत, नर्तकांचा ताफा नाही. सभागृहाच्या मध्यभागी एक कृश देहाचा, हृदयविकाराने जर्जर झालेला माणूस ढगळ कोट घालून उभा राहिला आणि जणू स्वतःशीच गुणगुणावे तसा गाऊ लागला. १९६४ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या आणि तोवर एकदाही अव्वल न ठरलेल्या त्याच्या देशाला त्या रात्री ७५८ गुण मिळाले. धाकट्या मुलाने मोबाइलवर लावलेले ते गीत कानी पडताच भाऊसाहेब म्हणाले की हे तर आपल्या गजाननराव वाटव्यांच्या वाटेचे भावगीत आहे. एक अक्षरही न कळता केवळ गळ्याच्या वळणावरून त्यांनी जे ओळखले ते ओळखायला रसिकताच लागते, अभ्यास नव्हे, असे माझे मत आहे. त्यानंतर मागची सारी वर्षे उकलून पाहण्याचे जे वेड त्यांना लागले त्याचे फळ म्हणजे हा ग्रंथ होय.

फळ पिकले मात्र महसुली पद्धतीने. आयुष्यभर पीकपाहणी, पैसेवारी आणि फेरफार लिहिलेल्या हाताला रकाने आखल्यावाचून काही पाहताच येत नाही. भाऊसाहेबांच्या वह्यांत देश, गायक, भाषा, रचनाकार, पंचांचे गुण, जनतेचे गुण असे रकाने आहेत आणि शेवटी, कोणत्याही इमानी सरकारी कागदात असतो तसा, शेऱ्याचा रकाना आहे. या ग्रंथाचा अर्क त्या शेऱ्यांत आहे. ज्या गाण्याला जगाने डोक्यावर घेतले त्यापुढे कधी निव्वळ एक आडवी रेघ, आणि ज्याला शून्य मिळाले त्यापुढे अर्ध्या पानाची कैफियत, असा हा हिशेब आहे. १९७८ साली नॉर्वेच्या यान तैगन या गायकाला एकाही देशाने एकही गुण दिला नाही, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्याबद्दल त्या गायकाची अवहेलना न होता तो आपल्या देशात उलट अधिकच लाडका झाला, ही गोष्ट भाऊसाहेबांनी ज्या समाधानाने नोंदवली आहे ते समाधान नापिकीच्या गावाला सारामाफी मिळवून देणाऱ्या कारकुनाचे आहे.

आता स्पर्धेविषयी थोडे. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या खंडातील नभोवाणी संस्था १९५० साली एकत्र आल्या आणि दूरदूरच्या देशांत एकाच वेळी एकच चित्र पोहोचविण्याचे तंत्र साधते का, हे अजमावण्यासाठी त्यांना काही निमित्त हवे होते. इटलीतील सानरेमो येथे १९५१ पासून भरणाऱ्या गीतमहोत्सवाचा कित्ता डोळ्यांपुढे होता. स्वित्झर्लंडचे मार्सेल बेझाँसों यांच्या पुढाकाराने निमित्त ठरले ते गाण्याचे. २४ मे १९५६ रोजी लुगानो येथील नाट्यगृहात सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली आणि यजमान स्वित्झर्लंडची लिस आसिया ही गायिका विजयी ठरली. कोणाला किती गुण मिळाले हे मात्र आजतागायत जाहीर झालेले नाही. त्या पहिल्या वर्षी पंचांना स्वतःच्या देशाच्या गीतालाही मत देण्याची मुभा होती, आणि लक्झेंबर्गचे पंच येऊ न शकल्यामुळे त्यांच्या वतीने यजमानांनीच मते दिली म्हणतात. इतका ढिसाळ बंदोबस्त आपल्याकडच्या एखाद्या भजनस्पर्धेत झाला असता तर शामियाना जागेवर राहिला नसता.

पुढच्याच वर्षी तो बंदोबस्त सुधारला, आणि जो नियम १९५७ साली आला तोच, माझ्या मते, या सबंध व्यवहाराचा प्राण आहे: स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. बाकी नियम अनेक आहेत. गीत तीन मिनिटांपेक्षा लांबू नये, रंगमंचावर सहांहून अधिक माणसे नसावीत, मुख्य गायकाने प्रत्यक्ष गावे, कोणताही जिवंत प्राणी आणू नये. १९७५ पासून प्रत्येक देशाने आपल्या आवडीच्या दहा गीतांना एकपासून आठ, मग दहा आणि सर्वांत वरच्याला बारा गुण द्यावेत. हे सारे तपशील झाले. परंतु कोट्यवधी माणसांनी रात्र जागवून बसावे, आपले घोडे शर्यतीत असावे, आणि तरीही हातातले मत परक्याच्याच पदरात टाकणे भाग पडावे, यात माणसाच्या स्वभावाला घातलेली जी मुरड आहे ती मला विलक्षण वाटते. ज्याला आपल्या गाण्याला मत देताच येत नाही त्याला निदान एका रात्रीपुरते दुसऱ्याचे गाणे लक्ष देऊन ऐकावे लागते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर ज्या प्रदेशाला गायला शिकविले, आणि ज्यांचा मोझरीचा गुरुकुंज आमच्या शेजारच्या तिवसा तालुक्यात आहे, त्या प्रदेशात भजनस्पर्धा ही करमणुकीची नव्हे, प्रतिष्ठेची बाब आहे. सुगी आटोपली की गावोगावचे श्रीगुरुदेव सेवा मंडळ हस्तपत्रके छापते. पुरुष गट, महिला गट, बाल गट, प्रत्येकी बक्षिसे, बक्षिसांच्या दात्यांची फेरिस्त, आणि तळाशी ठळक टाइपात पंचांचा निर्णय अंतिम राहील ही तंबी. हार्मोनियम, तबला, टाळ, खंजिरी घेऊन मंडळे टेम्पोतून येतात. ठरलेल्या वेळेत भजन संपवावे लागते, घंटा वाजली की थांबावे लागते. पंच स्वर, ताल, शब्दोच्चार, शिस्त यांचे वेगळाले गुण मांडतात. यजमान गावाचे मंडळ बहुधा स्पर्धेबाहेर गाते, कारण घरच्यांनी घरच्यांनाच ढाल दिली अशी बदनामी कोणाला नको असते. आणि पहाटे निकाल लागल्यावर जी हुज्जत होते ती तर ठरलेलीच. याच मातीतल्या महाराजांनी १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेपर्यंत आपली खंजिरी नेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे नांदगावच्या माणसाने युरोपचे गाणे ऐकणे ही उलट दिशेने केलेली तीच यात्रा ठरते.

याउलट आपल्या दूरचित्रवाणीवर ज्या गानस्पर्धा गाजल्या त्यांची तऱ्हा पाहा. झी वाहिनीवर १९९५ साली ‘सारेगम’ सुरू झाले तेव्हा निकाल जाणत्या परीक्षकांच्या हाती असे. मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचला आणि निवाडा लघुसंदेशांच्या हाती गेला. २००५ साली ‘इंडियन आयडॉल’ जिंकणारा मुंबईचा अभिजीत सावंत, २००७ साली दार्जिलिंगच्या डोंगरांतून आलेल्या संदेशांच्या लोंढ्यावर तरलेला प्रशांत तमांग, आणि २००९ साली हिंदी ‘सारेगमप’ जिंकून विदर्भाची मान उंच करणारी वैशाली माडे, या सर्वांच्या गुणवत्तेविषयी मला शंका नाही. वैशालीताईंचा विजय तर आमच्याकडे घरचे लग्न असावे तसा साजरा झाला आणि मीही त्या रात्री मोबाइलचे बरेच पैसे खर्च केले, ते आजही खर्ची घातल्यासारखे वाटत नाहीत. मराठी ‘लिटिल चॅम्प्स’च्या वेळी कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या पाच मुलांनी साऱ्या महाराष्ट्राला सोमवार-मंगळवारच्या रात्री घरी बसविले, त्याला तोड नाही. परंतु तेथे मत द्यायचे ते आपल्या जिल्ह्याला, आपल्या बोलीला, आपल्या माणसाला. लातूरकरांनी रोहितला द्यावे आणि आळंदीकरांनी कार्तिकीला, हाच शिरस्ता. तो निंद्य आहे असे मी म्हणत नाही. पण त्यात परक्याचे ऐकण्याची सक्ती नाही.

युरोपातही शेजारधर्म सुटलेला नाही, हे मी लपवीत नाही, भाऊसाहेब तर मुळीच नाहीत. ग्रीस व सायप्रस यांनी एकमेकांना बारा गुण द्यायचे हा जवळपास रोटीबेटीचा व्यवहार आहे. ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात या लागेबांध्यांचा वर्षवार तक्ता दिला असून तो कोणत्याही भाऊबंदकीच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल करावा इतका नेटका आहे. आणि पंच विरुद्ध जनता हा जो आपल्याकडचा पहाटेचा वाद, तो तेथे आकड्यांनिशी उभा राहतो. २०२३ साली लिव्हरपूल येथे फिनलंडच्या गायकाला जनतेने ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. परंतु पंचांनी लोरीनला ३४० आणि फिनलंडला अवघे १५० दिले, आणि ५८३ विरुद्ध ५२६ असा निकाल लागून ढाल स्वीडनला गेली. सभागृहातील प्रेक्षक फिनलंडच्या नावाचा गजर करीत राहिले. भाऊसाहेब या प्रकरणी पंचांच्या बाजूचे आहेत. मी जनतेच्या. या एका निकालावरून आमच्यात जितके चहा झाले तितके जमिनीच्या कोणत्याही वादावरून झाले नसतील.

१९६९ सालची माद्रिदची हकीकत तर कोणत्याही स्पर्धेच्या संयोजकाने पाठ करावी अशी आहे. सोळा देशांपैकी स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स व फ्रान्स या चौघांना प्रत्येकी अठरा गुण पडले, बरोबरी सोडविण्याचा नियमच कोणी केलेला नव्हता, आणि चौघांनाही विजयी जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी कित्येक देशांनी नाराजीने पाठ फिरविली. नियम नसताना उदारपणा करायला जावे तर तो कोणालाच पुरत नाही.

परंतु ग्रंथातील माझे सर्वांत आवडते प्रकरण पराभूतांचे आहे. विजेत्यांची यादी कोणीही देईल. १९७४ च्या एप्रिलमध्ये ब्रायटन येथे आबा या स्वीडिश चमूने जी घोडदौड सुरू केली तिची कथा जगाला ठाऊक आहे. त्याच रात्री पोर्तुगालच्या पाउलो द कार्वाल्यो याचे विरहगीत अवघे तीन गुण मिळवून इतर तीन देशांबरोबर तळाशी राहिले, याकडे कोणाचे लक्ष जाणार? आणि तरीही स्पर्धेनंतर अठराव्या दिवशी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे कमी असताना, लिस्बनच्या नभोवाणीवर ते गीत वाजले, आणि ते वाजणे हीच हुकूमशाही उलथून टाकण्यास सज्ज झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांची पहिली खूण होती. गीतात राजकारणाचा एक शब्दही नव्हता. म्हणूनच ते निवडले गेले. कोणाला संशय येऊ नये म्हणून. जवळपास अर्धे शतक चाललेली राजवट दुसऱ्या दिवशी कोसळली. पंचांच्या कागदावर तीन गुण घेऊन परतलेल्या गाण्याचा हा पुढचा फेरफार भाऊसाहेबांनी आपल्या नोंदवहीत तांबड्या शाईने चढविला आहे. १९५८ साली इटलीच्या दोमेनिको मोदुन्योचे जे गीत तिसरे आले तेच पुढे जगभर गायले गेले आणि पहिल्या आलेल्या फ्रेंच गीताचे नावही आता शोधून काढावे लागते, ही नोंद त्याच्या शेजारी आहे. पण पोर्तुगालपुढे ती फिकी पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारत या स्पर्धेत नाही, आणि ज्याचा देश रणात नाही तो निःपक्षपाती पंच होण्यास सर्वांत लायक, असा माझा प्रारंभी समज होता. भाऊसाहेबांच्या वह्या चाळताना तो टिकला नाही. त्यांचा पोर्तुगालविषयीचा पक्षपात उघड आहे. नॉर्वेला त्यांनी जणू दत्तक घेतले आहे. ब्रिटनवर त्यांचा रोष आहे आणि २००३ साली त्या देशाला शून्य मिळाले ती नोंद करताना अक्षर नेहमीपेक्षा किंचित वळणदार झालेले दिसते. पक्षपात सुटत नाही, हेच खरे. परंतु तो रक्ताचा, जातीचा, गावकीचा नसून निवडलेला आहे. ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा लोकांची बाजू घेऊन हळहळण्याचा तो पक्षपात आहे. मला तर तो निःपक्षपातीपणाहून अधिक मोलाचा वाटतो, कारण निःपक्षपाती माणूस पहाटेपर्यंत जागत नाही.

आणि जागावे तर लागतेच. मध्य युरोपात शनिवारी रात्री नऊ वाजता अंतिम फेरी सुरू होते तेव्हा आमच्याकडे रविवार उजाडून अर्धा तास झालेला असतो; निकाल लागेस्तोवर साडेचार वाजतात. मे महिना. वऱ्हाडातला मे ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगायला नको की त्या दिवसांत गच्चीवर पाणी शिंपडून टाकलेल्या गाद्यांवर मध्यरात्रीपर्यंत तसाही डोळ्याला डोळा लागत नाही. भाऊसाहेबांच्या गच्चीवर उशाशी मोबाइल, शेजारी वही आणि माठ, अशी ही स्पर्धा चालते. शेजारची मंडळी आरंभी हसत. आता त्यांतली दोघेतिघे आपापल्या अंथरुणावरून गुण ओरडून सांगतात. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांच्या प्रेक्षकांनाही पैसे भरून आंतरजालावरून मत देता येते, आणि जगभरच्या अशा साऱ्या मतांची मिळून एका देशाइतकी किंमत धरली जाते. त्या अर्थाने नांदगाव खंडेश्वराचा आवाज, फार बारीक का होईना, युरोपच्या हिशेबात जमा होतो. कौतुकाची गोष्ट अशी की परदेशी चलनात पैसे भरायचे म्हणताच पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थाने एका शब्दाची घासाघीस केली नाही.

राजकारणाविषयी ग्रंथात स्वतंत्र प्रकरण नाही, ही त्रुटी कोणी दाखवील. २०२२ साली रशियाला वगळण्यात आले, त्याच वर्षी युक्रेनने जनतेचे ४३९ गुण मिळवून स्पर्धा जिंकली आणि युद्धामुळे पुढचे यजमानपद ब्रिटनने निभावले. इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया व आइसलँड येथील संस्थांनी २०२६ च्या व्हिएन्नातील स्पर्धेतून अंग काढून घेतले. हे सारे त्या त्या वर्षाच्या शेऱ्यांत आले आहे. भाऊसाहेबांनी त्यावर निवाडा दिलेला नाही, आणि मला ते योग्य वाटते. ज्याचा त्याचा निवाडा करण्यास वर्तमानपत्रे आहेतच.

एका मुद्द्यावर मात्र आमचा मतभेद मिटलेला नाही, आणि तो नमूद केल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. १९९८ पर्यंत बहुतेक वर्षे प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रभाषेतच गावे असा दंडक होता. १९९९ पासून तो उठला, त्याच वर्षी साथीचा वाद्यवृंदही गेला, आणि इंग्रजीचे पीक फोफावले. भाऊसाहेबांचे म्हणणे असे की दंडक पुन्हा लागू करावा, एरवी लहान भाषांना कोणी वाली राहणार नाही. त्यांचा युक्तिवाद सहाव्या प्रकरणात विस्ताराने आहे आणि त्यातला कळवळा मी समजू शकतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला दूरचित्रवाणीवर गेल्यावर आधी आपली बोली उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागते, हे आम्ही दोघांनीही पाहिले आहे. परंतु दंडक उठल्यानंतरच, कोणाची सक्ती नसताना, २००७ साली सर्बियाने, २०१७ साली पोर्तुगालने, २०२१ साली इटलीने आणि २०२२ साली युक्रेनने आपापल्या भाषेत गाऊन पहिला क्रमांक मिळविला. ज्या गाण्याने भाऊसाहेबांना या नादी लावले ते स्वेच्छेने पोर्तुगीज होते, हुकमाने नव्हे. यावर त्यांचे उत्तर असे की या चौघांपलीकडे जी शेकडो गीते इंग्रजीत वाहून गेली त्यांचीही गणती करावी. ती त्यांनी केली आहे, आणि तो तक्ता ग्रंथाच्या अखेरीस जोडला आहे. तो पाहूनही माझे मत बदललेले नाही.